उजवा हात आधी: रॉक गिटारवाल्यानं अल्बम कसे ऐकावेत

बेळगावात रॉक वाजवणाऱ्या कुणालाही आवडते अल्बम विचारा, यादी साधारण एकच निघते. ब्लॅक सॅबाथ, डीप पर्पल, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड, एसी/डीसी, आयर्न मेडन, मेटॅलिका. टिळकवाडीतला इंजिनिअरिंगचा पोरगा असो की कॅम्पातल्या चर्चच्या क्वायरमधून आलेला, नावं तीच. यादीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या अल्बमांतून काय उचललं जातं त्याबद्दल. टॅब (गिटारचं आकड्यांतलं नोटेशन) उघडायची, डावी बोटं कुठल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) जातात ते पाठ करायचं, सोलो बसवायचा आणि गॅदरिंगला स्टेजवर चढायचं. गाणं ओळखू येतं, पण अल्बममधलं वजन काही येत नाही. टॅबमध्ये डावा हात लिहिलेला असतो. तार कशानं छेडली, किती जोरानं, आणि छेडल्यावर कुठं गप्प केली, हे तिथं नसतं. ते कानानंच घ्यावं लागतं, आणि या अल्बमांवर ज्यांचे हात घडले ते त्यातूनच घडले.

म्हणून खाली एकेका अल्बममधून घ्यायची एकेक गोष्ट, आणि ती घेताना काय बिघडतं ते. क्रम काळाचा नाही, आवडीचा आहे.

सुरुवात 'मशीन हेड'पासून, डीप पर्पल, १९७२. यातल्या 'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, गिटार हातात घेतलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात वाजवतो आणि जवळजवळ प्रत्येक जण चुकीचा वाजवतो. एक तर सगळ्यात जाड तारेवर एकेक स्वर घेऊन, नाहीतर पॉवर कॉर्ड लावून, आणि दोन्ही वेळा पिकनं (तार छेडायच्या छोट्या पट्टीनं). पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर तो डी आणि जी या मधल्या दोन तारांवर घेतो. दोन्ही तारा एकाच फ्रेटवर: मोकळी, ३, ५, मोकळी, ३, ६, ५, मोकळी, ३, ५, ३, मोकळी. आणि छेडतो बोटांनी. अंगठा डीवर, पहिलं बोट जीवर, दोन्ही एकदम.

बोटांनी का? पिक वरून खाली येताना आधी डी तारेला लागतं, मग जीला. अंतर अगदी थोडं असतं, पण डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) लावलं की तेवढ्यात 'खर्र' असा आवाज पुढं येतो आणि रिफचं तोंड बोथट होतं. बोटांनी दोन तारा एका क्षणी सुटतात. फरक ऐकायचा असेल तर एकाच गेनवर (अॅम्पवर आवाज किती फाटवायचा ते ठरवणाऱ्या खटक्यावर) दोन्ही पद्धतींनी वाजवून फोनवर रेकॉर्ड करा. वाजवताना तो फरक लक्षात येत नाही, नंतर ऐकताना लगेच येतो.

आता त्या दोन तारांतलं नातं. आपल्याकडं पेटीवाल्याला षड्ज-मध्यम भाव सांगावा लागत नाही, हे तेच. खालचा स्वर सा धरला तर वरचा म. पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज-पंचम. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या कंपनांच्या फरकाएवढा एक तिसरा स्वर अॅम्प स्वतःच तयार करतो. डी साधारण १४७ हर्ट्झ, जी १९६. फरक ४९, आणि ४९ हर्ट्झ म्हणजे दोन सप्तकं खालचा जी. म्हणजे वरच्या स्वराला खालून आपोआप आधार मिळतो आणि कान जीलाच घर मानतो. रिफ मधल्या तारांवर असूनही एवढा भारी का लागतो, त्याचं बरंचसं उत्तर या ४९ मध्ये आहे. तोच रिफ पॉवर कॉर्डनं घेतला की वजन दुसऱ्याच स्वरावर जातं.

बिघडतं कुठं, तर मोकळ्या तारांवर. तिसऱ्या फ्रेटवर जाताना मोकळ्या तारा वाजत राहिल्या तर चिखल होतो. डाव्या हाताचं बोट फ्रेटवर दाबायच्या आधी तारांवर नुसतं टेकवायचं, मग दाबायचं. आणि बँडमध्ये कीबोर्डवाला असेल तर त्याला मोकळा सोडू नका. अल्बममध्ये जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन मार्शल अॅम्पमधून जातो आणि तोच रिफ गिटारबरोबर वाजवतो. आपल्या ऑर्केस्ट्रावाल्या कीबोर्डात ऑर्गनचा आवाज निवडला की बहुतेक वेळा फिरत्या स्पीकरचा थरथराट आधीच लावलेला असतो. तो बंद करा, थोडा ओव्हरड्राइव्ह द्या आणि गिटारच्याच सप्तकात तेच दोन स्वर घ्यायला सांगा. गाण्यातली हकिगत सर्वांना माहीत आहेच: ४ डिसेंबर १९७१ ला मॉन्ट्रोचा कॅसिनो झप्पाच्या कार्यक्रमात जळाला, मग रोलिंग स्टोन्सची फिरती स्टुडिओ गाडी बाहेर उभी करून बराचसा अल्बम ग्रँड हॉटेलच्या मार्गिकेत झाला. गाद्या लावून आवाज अडवलेल्या मार्गिकेत असा अल्बम होतो, हे स्टुडिओ नाही म्हणून अडून बसलेल्यांनी लक्षात घ्यावं.

आता सॅबाथ. पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० चा, रेकॉर्डिंग जवळपास एका दिवसाचं. शीर्षकगीताचे पहिले तीन स्वर आपल्या भाषेत सांगायचे तर सा, वरचा सा, आणि मग थेट तीव्र म. गिटारवर: जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जी, डी तारेच्या पाचव्यावर वरचा जी, ए तारेच्या चौथ्यावर सी शार्प. यमनात हाच तीव्र म गोड लागतो, कारण आजूबाजूला ग आहे, प आहे, वाट आहे. इथं वरच्या सा वरून थेट त्यावर उतरायचं आणि तिथंच थांबायचं. सॅबाथचा गिटारवाला टोनी आयोमी त्यावर ट्रिल घेतो, म्हणजे प ला नुसतं शिवून परत येतो. वाजवणारे घाई करतात ती इथं. लय अतिशय विलंबित आहे. पहिल्या जीची गुंज पूर्ण चालू द्यायची. मेट्रोनोम दुप्पट वेगावर ठेवून मोजलं तर हात पुढं पळत नाही.

आयोमी डावखुरा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली, म्हणजे त्याच्या दृष्टीनं फ्रेटवर दाबायचीच बोटं. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं टोप्या केल्या, वर चामडं लावलं, तारा हलक्या वापरल्या. पुढं १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'वर त्यानं काही गाण्यांसाठी गिटारच तीन अर्ध्या सुरांनी खाली उतरवली. पेटीच्या हिशेबात पांढरी तीनवरून काळी एकला. तारा: सी शार्प, एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' ऐका. मागच्या पन्नास वर्षांतलं निम्मं हेवी मेटल त्या एका निर्णयावर उभं आहे, असं माझं मत.

आता हेच घरी करायला गेलं की काय होतं? १०–४६ चा (इंचाच्या हजाराव्या भागात सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जाड तार) नेहमीचा संच तसाच ठेवून गिटार सी शार्पला उतरवली की तारा लोंबतात, फ्रेटवर फडफडतात, आणि जोरात छेडली की स्वर आधी वर चढून मग खाली येतो. कारण साधं आहे. कंपनसंख्या साधारण ०.८४ पट होते, ताण तिच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे ०.७ पट. तीस टक्के ताण गेला. तो परत आणायचा तर तारेची जाडी सुमारे १.१९ पट हवी: १० ची १२, ४६ ची साधारण ५४. म्हणून १२–५४ किंवा त्याच्या जवळचा संच घ्या. आयोमीच्या तारा हलक्या होत्या हे खरं, पण त्याचं कारण त्याची बोटं होती, आणि तो फार हलक्या हातानं दाबतो. नकल करायची तर त्या हाताची करा.

जाड तार लावल्यावर पुढची अडचण नटमध्ये, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत. ४६ साठी कापलेल्या खाचेत ५४ ची तार खाली बसत नाही. सूर लावताना 'टिंग' करून एकदम उडी मारते. खाच किंचित रुंद करावी लागते, आणि ते काम सवय असलेल्याकडूनच करून घ्या, कारण खाच खोल गेली तर नट बदलण्याशिवाय इलाज नाही. तोपर्यंत खाचेत शिसपेन्सिल घासली तर अडकणं बरंच कमी होतं. ताण पूर्वीएवढाच राहिला असेल तर मानेला हात लावायची गरज पडत नाही. हलक्या तारांवरच सूर खाली घेतला असेल तर मात्र मान मागं झुकते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटना खरखर येते. मग ट्रस रॉड, म्हणजे मानेतली सळई, पाव वळसा सैल करायचा, दुसऱ्या दिवशी बघायचं, लागला तर पुन्हा पाव. एका बैठकीत पूर्ण वळसा कधी नाही.

इकडच्या हवेत हे दुप्पट लागू. जूनपासून खानापूर, जांबोटी, चोर्ल्याच्या बाजूला जो पाऊस लागतो त्यात लाकूड पाणी पितं: अकूस्टिकचं वरचं फळकूट फुगतं, तारा फ्रेटपासून उंच जातात. मार्च-एप्रिलमध्ये उलट, फ्रेटबोर्ड आक्रसतो आणि फ्रेटची टोकं हाताला लागतात. त्यामुळं पावसाळ्यात केलेलं सेटिंग उन्हाळ्यात तसंच राहील ही आशा सोडा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, वाजवून झाल्यावर तारा वरून आणि खालून सुती फडक्यानं पुसणं, आणि गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून न ठेवणं, एवढं पुरतं. तारेला गंज लागला की ती सुरात लावूनही बाराव्या फ्रेटवर बेसूर बोलते, कारण जाडी सगळीकडं सारखी राहत नाही. मग लोक ब्रिजचे स्क्रू फिरवत बसतात. आधी तार बदला.

'बॅक इन ब्लॅक', एसी/डीसी, जुलै १९८०. गायक बॉन स्कॉट त्याच फेब्रुवारीत गेला, ब्रायन जॉन्सन आला, आणि बहामात बसून हा अल्बम झाला. माझ्या लेखी गिटारवाल्याचं खरं पाठ्यपुस्तक हेच. सोलोसाठी नाही. शीर्षकगीताचा रिफ म्हणजे ई एकदा, डी तीनदा, ए तीनदा, आणि त्यांच्यामधली शांतता. कॉर्ड येत नाही असा कुणी नाही. ती थांबवता येत नाही असे नव्वद टक्के. या कॉर्डांत मोकळ्या तारा आहेत, त्यामुळं नुसती डावी बोटं सैल करून आवाज तुटत नाही. उजव्या तळव्याची करंगळीकडची कड सगळ्या तारांवर एकदम पडायला हवी, आणि त्याच क्षणी डावी बोटं दाब सोडून तारांवरच राहायला हवीत. एकाच हातानं केलं तर एखादी तार गुणगुणत राहते. लय मिनिटाला ९३–९४ ठोक्यांच्या आसपास आहे, म्हणजे सोपी. ती ६० वर घ्या आणि फक्त शांततेकडं लक्ष द्या. ६० वर शांतता स्वच्छ येत नसेल तर ९४ वर ती आली असं फक्त वाटतं.

दुसरं म्हणजे गेन. ऐकताना वाटतं की गेन दहावर असेल. प्रत्यक्षात रिदम गिटार वाजवणाऱ्या माल्कम यंगचा आवाज जवळजवळ स्वच्छ आहे. जोर आहे तो जाड तारा आणि मनगट यांचा, आणि त्याच्या जोडीला भाऊ अँगसची गिटार. घरच्या छोट्या अॅम्पवर गेन ३ ते ४, बास ४, मिड ६–७, ट्रेबल ५ इथून सुरुवात करा. तपासायचं असं: ई कॉर्ड लावून पिक सावकाश खाली ओढा. सहा तारा सहा वेगवेगळ्या ऐकू आल्या तर गेन बरोबर. एकच लगदा आला तर कमी करा. नॉइज गेट (बारीक आवाज आपोआप तोडणारं उपकरण) लावून शांतता मिळवणाऱ्यांना एवढंच सांगणं की गेट बंद झाल्यावर हाताचं काय ते कळतंच.

मिडबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथल्या स्टेजवर सगळ्यात जास्त घोळ तिथं होतो. खोलीत एकट्यानं वाजवताना मिड शून्यावर आणि बास-ट्रेबल पूर्ण ठेवलं की आवाज भरदार वाटतो. मंगल कार्यालयात पत्र्याच्या छताखाली बँडबरोबर गेलात की तीच गिटार गायब. खालचा भाग बेस आणि किकनं व्यापलेला, वरचा झांजांनी. गिटारची जागा मध्येच आहे, साधारण ५०० ते २००० हर्ट्झ, आणि तीच तुम्ही स्वतः कापून टाकलेली असते. मग आवाज वाढवायचा, मग गायक ओरडायचा, मग साऊंडवाला चिडायचा. अॅम्प पायाशी जमिनीवर ठेवू नका; स्पीकरचा वरचा सूर सरळ रेषेत जातो, तुमच्या गुडघ्याला ऐकू येतो आणि कानाला येत नाही, म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता आणि पहिल्या रांगेचे कान जातात. खुर्चीवर ठेवून थोडा मागं कलता करा.

विजेचंही इथंच उरकून घेतो. सतत घूं असा आवाज येत असेल आणि तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर गिटारचं शिल्डिंग किंवा बोर्डाचं अर्थिंग कमी पडतंय. अॅम्प एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर असेल तर दोन अर्थिंगमधल्या फरकानं घूं येते. सगळं एकाच बोर्डावरून घ्या. घूं जावी म्हणून प्लगची अर्थ पिन कुणी तोडत असेल तर त्याला थांबवा. मल्टिमीटर एसीवर लावून एक टोक गिटारच्या तारेला आणि एक माइकच्या जाळीला लावा. आकडा दहा व्होल्टच्या वर गेला तर वायरमनला बोलावल्याशिवाय गाऊ नका; माइकला ओठ लागतो तेव्हा वाट हृदयातून जाते. वडगाव-खासबागेत माग चालू असलेल्या लाईनीवर अॅम्प लावला तर प्रत्येक मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं आणि डिजिटल प्रोसेसर आपोआप बंद होऊन चालू होतात. त्याला स्टॅबिलायझर लागतो.

'द डार्क साइड ऑफ द मून', पिंक फ्लॉइड, मार्च १९७३. यातलं 'मनी' सात मात्रांचं. नाण्यांचा आणि गल्ल्याचा जो आवाज सुरुवातीला फिरतो त्यासाठी टेपचे तुकडे पट्टीनं मोजून, जोडून त्याची माळ केलेली आहे. सात म्हटल्यावर आपला तबलजी लगेच रूपक धरतो, आणि इथं पहिली ठेच. रूपकाची सम खाली आहे: ती ती ना, धी ना, धी ना. 'मनी'चा बेस पहिल्याच मात्रेला खालची पांढरी सात ठोकतो, तिथं वजन सगळ्यात जास्त. ठेका तसाच ठेवला तर तबला आणि बेस एकमेकांना ढकलत राहतात. पहिल्या मात्रेला बायाँ खुला वाजवायला सांगा, म्हणजे जुळतं. दुसऱ्या मात्रेचे दोन तुकडे सारखे नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड. ते सरळ दोन वाजवले की झोल गेला.

सॅक्सोफोनचा सोलो सातातच होतो, गिटारचा सोलो चारात. ही उडी ड्रमरला आणि बेसवाल्याला आधीच माहीत हवी, कारण गिटारवाला डेव्हिड गिलमोर तिथं वाट बघत नाही. सोलोच्या तीन फेऱ्यांपैकी मधली कोरडी आहे: गुंज नाही, साथही अगदी कमी. स्टेजवर सगळे डिले (प्रतिध्वनीचं पेडल) चालूच ठेवतात आणि ती फेरी वाया जाते. पेडल बंद करा. तिसऱ्या फेरीतले सगळ्यात वरचे स्वर २४ फ्रेटच्या गिटारवर घेतलेले आहेत. २१ किंवा २२ फ्रेटवाल्यानं ते तार ओढून घ्यावेत आणि त्यासाठी पहिली तार ९ किंवा १० चीच बरी. दोन वाक्यांमध्ये गिलमोर केवढी जागा सोडतो तेही मोजा. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या छोट्या छोट्या जागा आणि त्यांच्यामधलं थांबणं ज्यांच्या कानात आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज पडू नये.

झेपलिनचं 'कश्मीर' (१९७५) लयीसाठीच घ्या. ड्रम चारात, गिटार तीनात, दोघं बारा मात्रांनी भेटतात. तिहाई ज्याला कळते त्याला हे पाच मिनिटांत कळतं. गिटारचा सूर डी, ए, डी, जी, ए, डी: दोन्ही टोकांच्या ई तारा पांढरी दोनला, बी तार पांढरी सहाला, बाकी तशाच. तीन तारा सैल केल्यावर उरलेल्या तीन किंचित चढतात, म्हणून सूर दोनदा फिरून लावावा लागतो. झेपलिनचे गिटारवाला पेज आणि गायक प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आपल्या वादकांबरोबर रेकॉर्ड करून गेले होते, ही माहिती गप्पांत उपयोगी पडते. वाजवणाऱ्याला जास्त उपयोगी माहिती ही की १९६९ चा त्यांचा पहिला अल्बम पेजनं मुख्यतः एक टेलिकास्टर आणि एक छोटा सुप्रो अॅम्प यांवर केला. शंभर वॉटसाठी पैसे साठवणाऱ्यांनी तो आधी ऐकावा.

'मास्टर ऑफ पपेट्स', मेटॅलिका, १९८६. इथं सगळा खेळ खालच्या फटक्यांचा. वेग २१२ च्या आसपास, म्हणजे सेकंदाला सात फटके, सगळे वरून खाली. खाली-वर करून वाजवलं तर सोपं जातं पण करवतीची धार जाते. पिक १ मिलिमीटर किंवा जाड. पातळ पिक वाकून परत यायला वेळ घेतं. टोक बोटांबाहेर तीन-चार मिलिमीटरच. तळव्याची कड ब्रिजच्या सॅडलला अर्धी टेकलेली: पुढं सरकली की नुसता ठक्क आवाज, मागं सरकली की तार मोकळी गुंजते. १३० वर दोन मिनिटं न थांबता जमलं की ५ नं वाढवायचं. कोपरापासून हात ताठ झाला की वेग खोटा आहे, मागं या. दुखायला लागलं तर त्या दिवशी बास. कडव्याखालच्या रिफचा चौथा बार तोकडा आहे, नोटेशनात बहुधा ५/८ लिहितात. डोकं हलवत मोजणारे तिथंच पडतात.

मेडनच्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'मधून (१९८२) दोन गिटारांचं नातं घ्या. दुसरी गिटार तिसऱ्या स्वरावर चालते, पण ठरावीक अंतरानं नाही. ई मायनरमध्ये ई, एफ शार्प, ए आणि बी यांच्या वरचा साथीदार तीन फ्रेट दूर. जी, सी आणि डीचा चार फ्रेट दूर. सगळीकडं चारच धरलं की मधूनच कुणीतरी दुसऱ्या गाण्यात गेल्यासारखं वाटतं. क्वायरमध्ये गायलेल्यांना हे आपोआप येतं. मेडन २००७ ला आणि मेटॅलिका २०११ ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर येऊन गेले. हे सगळं आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर घडलंय.

आपल्याकडचा एकच अल्बम सांगायचा तर इंडियन ओशनचा 'कंदिसा', २०००. तबला आणि ड्रम एकत्र कसे राहतात ते यात आहे: दोघांनी एकाच जागी ठोकायचं नाही, आणि सुस्मित सेनची गिटार दोघांच्या मध्ये, डिस्टॉर्शनशिवाय. बँडमध्ये तबला असेल तर मेटलच्या आधी हे बसवा. निर्वाणा बँडच्या 'नेव्हरमाइंड'बद्दल एवढंच की 'कम अॅज यू आर' एक पूर्ण सूर खाली, पांढरी दोनला आहे, आणि ते पाणचट डोलणं कोरस पेडलचं आहे; तुमच्या गिटारचा दोष नाही.

ऐकायची पद्धतही महत्त्वाची. इअरफोन लावा आणि फोनच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये आवाज पूर्ण एका कानाकडं सरकवा. एसी/डीसीच्या दोन भावांच्या दोन गिटारी दोन बाजूंना आहेत, लगेच सुट्या होतात. फोनच्या स्पीकरवर हे कधीच होणार नाही. वेग ०.७५ वर ठेवा, ०.५ वर छेडण्याचा आवाज पसरतो आणि उजवा हातच ऐकू येत नाही. रिफ आधी तोंडानं म्हणा, थांबण्यासकट. गळ्यातून येईना म्हणजे अजून ऐकून झालेला नाही. ट्यूनरवर सगळं हिरवं असूनही अल्बमशी सूर जुळत नसेल तर दोष टेपच्या वेगाचा असू शकतो. एक मोकळी तार गाण्यातल्या स्वराशी मिळवा आणि बाकीच्या तिच्याशी. आणि बघा की तुम्ही मूळ स्टुडिओचीच आवृत्ती ऐकताय. नव्या रीमास्टरमध्ये कधी हळू-मोठ्यातला फरक दाबून टाकलेला असतो, आणि नेमका तोच शिकायचा असतो.

राहता राहिलं रेकॉर्डिंग. झेपलिनच्या चौथ्या अल्बममधलं (१९७१) 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' ऐकलं की ड्रमर विचारतो, किती माइक? दोन. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या पायथ्याच्या हॉलमध्ये ड्रम खाली, आणि माइक जिन्यावरून वर टांगलेले. हे बेळगावच्या कुठल्याही तीन मजली इमारतीत करता येतं. ड्रम तळमजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी, दोन फोन पहिल्या मजल्याच्या कठड्याला कापडानं गुंडाळून बांधलेले, एकमेकांपासून हातभर अंतरावर. फोनमधलं आपोआप आवाज कमी-जास्त करणं बंद करता येईल असं अॅप वापरा, नाहीतर प्रत्येक किकनंतर झांज फुगून वर येते. दोन्ही फोनसमोर सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर दोन्ही रेकॉर्डिंग जुळवता येतात. लांब गाण्यात ती शेवटी पुन्हा थोडी सरकतात, तेव्हा शेवटीही एक टाळी. किक कमी आली तर ड्रम भिंतीकडं सरकवा, फोन हलवू नका. आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना आधी विचारा.